खूण पटली, पुढे काय? : व्हिडिओ गेममधल्या लपलेल्या संदर्भांविषयी



आजचा विषय वाचून काहींना वाटले असेल, सर वयोमानाप्रमाणे भरकटले. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने नारायणगावात येऊन व्हिडिओ गेमवर काय बोलायचे? तर असे बघा, या गेमच्या आत एक गोष्ट चाललेली असते आणि ती आमच्या जुन्या धंद्यातलीच आहे. आमच्या शास्त्रात तिला प्रत्यभिज्ञा म्हणतात. साध्या मराठीत, खूण पटणे.

गेम बनवणारे लोक आत काही गोष्टी लपवून ठेवतात. भिंतीवर एखाद्या जुन्या सिनेमाचे पोस्टर, एखाद्या पात्राच्या तोंडी दुसऱ्याच गेममधले वाक्य, कोपऱ्यातल्या थडग्यावर कचेरीतल्या सहकाऱ्याचे नाव. खेळ पुरा करायला यातले काही लागत नाही. दिसले त्याला दिसले. याला 'ईस्टर एग' म्हणतात. ईस्टरच्या सणाला तिकडे रंगवलेली अंडी बागेत लपवतात आणि मुले ती हुडकतात, त्यावरून. समोर बसलेल्या तरुण मंडळींना हे आमच्याहून चांगले ठाऊक आहे. आमची बोटे आता त्या वेगाला येत नाहीत. आम्ही शेजारी बसून बघतो आणि मध्येच 'थांब, ते काय होते?' असे विचारून खेळणाऱ्याला पिडतो. (हशा)

आता तक्रार काय? नवा गेम आला की दोन दिवसांत यूट्यूबवर व्हिडिओ हजर: 'यातले सगळे लपलेले संदर्भ, दहा मिनिटांत'. लाल बाण, लाल गोल. मुलगा बघतो, 'हां, हे त्या सिनेमातले' म्हणतो, आणि पुढचा व्हिडिओ लावतो. खूण पटली. ठीक. पण पुढे काय? आम्हाला आज एवढाच प्रश्न घोळवायचा आहे.

न्यायशास्त्रातले ठरलेले उदाहरण आहे, 'सोऽयं देवदत्तः'. तोच हा देवदत्त. पूर्वी कुठेतरी पाहिला होता, आज इथे दिसला. यात दोन गोष्टी लागतात: डोळ्यांसमोरचा 'हा' आणि आठवणीतला 'तो'. नुसता 'हा' असेल तर ते प्रत्यक्ष झाले, नुसता 'तो' असेल तर ती स्मृती झाली. दोन्ही एकमेकांना भिडले की ओळख पटते. गेममधल्या संदर्भांच्या बाबतीत पुष्कळदा होते असे, की 'तो' सापडला रे सापडला की 'हा' नाहीसाच होतो. मूळ सिनेमाचे नाव सांगून झाले, मग ते पोस्टर या खोलीत, या माणसाच्या पलंगावर का लावले आहे, हे कोण विचारतो?

ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'च्या चौथ्या प्रकरणात जवळपास हाच मुद्दा काढला आहे. चित्र बघताना माणसाला आनंद का होतो, तर 'हा तो अमुक' असे त्याच्या ध्यानात येते म्हणून. पण लगेच तो पुस्ती जोडतो: मूळ माणूस कधी पाहिलाच नसेल, तर मग आनंद होतो तो कारागिरीचा, रंगाचा. ही पुस्ती फार कामाची आहे. तिच्यातून एक कसोटी निघते. संदर्भ ज्याला कळला नाही त्याच्याही पदरात काही पडते का?

एक उदाहरण घेऊ. 'अनचार्टेड ४' हा २०१६ चा गेम. नेथन ड्रेक हा खजिने हुडकणारा गडी आता संसाराला लागला आहे. एका संध्याकाळी घरी बसून तो बायकोशी पैज लावतो, भांडी कोणी घासायची यावर, आणि टीव्हीवर एक जुना गेम खेळतो. तो जुना गेम 'क्रॅश बँडिकूट', १९९६ चा. आणि तो बनवला होता याच कंपनीने, नॉटी डॉगने. जाणकाराला खूण पटते, तो हसतो. पण ज्याने 'क्रॅश'चे नावही ऐकले नाही त्याला काय दिसते? कड्यांवरून उड्या मारण्यात ज्याचे तारुण्य गेले असा माणूस सोफ्यावर बसून पडद्यावरच्या प्राण्याला खोक्यांवरून उड्या मारायला लावतो आहे. त्याला तेवढ्यात सगळे कळते. हा पहिल्या प्रतीचा संदर्भ.

आणि कसोटीला न उतरणारा? 'पोर्टल' नावाचा २००७ चा गेम आहे. एक यंत्र केकचे आमिष दाखवून तुम्हाला एकामागून एक चाचण्यांत ढकलत राहते. तुमच्याआधी तिथे अडकलेल्या कोणीतरी भिंतीमागच्या सांदीत खरडून ठेवले आहे की केक ही थाप आहे. तिथे ते वाचताना अंगावर काटा येतो. पुढे हेच वाक्य लोकांनी टी-शर्टांवर छापले आणि भलत्याच गेममध्ये, भलत्याच भिंतींवर डकवले. तिथे यंत्र नाही, अडकलेला माणूस नाही. उरला फक्त केक. (हशा)

आता मूळ अंड्याकडे वळू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अटारी नावाची कंपनी गेम विकत होती. तेव्हा एक गेम म्हणजे बहुधा एका माणसाचे काम. चित्रे त्याची, आवाज त्याचे, नियम त्याचे, प्रोग्रॅमही त्याचाच. पण खोक्यावर नाव अटारीचे. बनवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. नाव झाले की माणूस भाव मागतो, नाहीतर दुसरी कंपनी त्याला उचलते, हा हिशेब. चार प्रोग्रॅमर याच रागाने बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. तिथे बनवणाऱ्याचे नाव लोकांपुढे येऊ लागले.

वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने दुसरा मार्ग काढला. त्याने 'ॲडव्हेंचर' हा गेम बनवला. किल्ले, किल्ल्या, ड्रॅगन, तलवार, सगळे चार किलोबाइटमध्ये. आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा त्याहून कितीतरी मोठा असतो. काळ्या किल्ल्याच्या आतल्या चक्रव्यूहात त्याने एक ठिपका टाकला, पार्श्वभूमीच्याच रंगाचा, म्हणजे जवळपास न दिसणारा. तो ठिपका उचलून एका ठरावीक जागी नेला आणि तिथे आणखी वस्तू जमवल्या की भिंत ओलांडता येते. पलीकडे एक खोली. खोलीत दुसरे काही नाही, एकच ओळ: हे वॉरन रॉबिनेटने बनवले. त्याने हे साहेबाला सांगितले नाही, मित्रांना सांगितले नाही. नोकरी सोडून गेला. गेम बाजारात आला आणि सॉल्ट लेक सिटीच्या पंधरा वर्षांच्या एका मुलाने ती खोली शोधून कंपनीला पत्र लिहिले. तेव्हा कंपनीला कळले! ते काढायचे तर चिप पुन्हा बनवण्याचा खर्च. तेव्हा तिथल्या स्टीव्ह राइट या अधिकाऱ्याने म्हटले, राहू द्या, ईस्टरच्या अंड्यांसारखे लोक शोधतील. शब्द तिथून आला.

यात थोडे थांबू. कंपनीच्या बाजूने बघितले तर हे गोड अंडे आहे. रॉबिनेटच्या बाजूने बघितले तर ती सही आहे. शब्द मात्र रूढ झाला कंपनीचा. ज्या गोष्टीला 'हक्क' म्हणायचे तिला 'गंमत' म्हटले की पुढचे सगळे सोपे जाते.

मराठी माणसाला हे ऐकून रायगड आठवला नाही तर नवलच. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' अशी अक्षरे आहेत आणि पुढे हिरोजीचे नाव आहे. आडनाव इंदुलकर वाचायचे की इटळकर, यावर अभ्यासकांत दोन मते आहेत. दंतकथा अशी, की महाराजांनी बक्षीस काय हवे विचारले, तेव्हा गड बांधणाऱ्याने मागितले की नाव पायरीवर कोरू द्या, म्हणजे दर्शनाला येताना तुमची पायधूळ त्यावर पडेल. दंतकथा म्हणूनच ती घ्यावी. दगड मात्र खरा आहे. आणि आमच्या कसोटीला तो पुरेपूर उतरतो. वाचता न येणाऱ्यालाही ती पायरी म्हणून उपयोगी पडतेच की! फरक एवढाच, की हिरोजीचे नाव उघड्यावर आहे आणि रॉबिनेटला भिंतीआड जावे लागले. धनी कसा आहे, यावर सही कुठे करायची हे ठरते.

आणखी जवळ या. आपल्या जुन्नरभोवती दोनशेहून अधिक लेणी खोदलेली आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, खुद्द शिवनेरी. त्यांत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेल्या, किंवा आलेल्यांच्या वंशातल्या, या माणसांची नावे दोन हजार वर्षे इथल्या कातळात टिकली. नाणेघाटात तर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, प्रत्येकीवर नावाची पाटी. आज मूर्ती जवळजवळ गेल्या, कुठे नुसती पावले उरली, आणि वर नावे शाबूत. राजाचे नाव आहे, राणीचे आहे, महारठीचे आहे.

आणि छिन्नी ज्याच्या हातात होती त्याचे? दात्यांचा आणि राजांचा हा एवढा गजबजाट, त्यात पाथरवटाला जागा नाही. अटारीचेच खोके म्हणा ना. पण घाट उतरून कर्जतकडे गेलात तर कोंढाणे लेण्यात चैत्यगृहाच्या दर्शनी भागाशी एक भंगलेली मूर्ती आहे. तिच्याशेजारी छोटासा लेख आहे, कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. बस्स. दान नाही, पुण्य नाही, राजाची वंशावळ नाही. गुरूचे नाव आणि आपले नाव. आमच्या मते महाराष्ट्रातल्या ईस्टर एगची परंपरा सांगायची झाली तर ती या बलकापासून सांगावी.

आता रॉबिनेटच्या खोलीचे पुढे काय झाले ते बघा. 'रेडी प्लेयर वन' नावाची कादंबरी २०११ मध्ये आली, अर्नेस्ट क्लाइनची. २०१८ मध्ये स्पीलबर्गने तिच्यावर सिनेमा केला. १९८० च्या दशकातले गेम, सिनेमे, गाणी यांचे जो सर्वांत जास्त संदर्भ ओळखेल त्याला अवाढव्य संपत्ती, अशी गोष्ट. शेवटच्या टप्प्यावर काय, तर 'ॲडव्हेंचर'मधली तीच खोली. आपल्या मजुरीवर आपले नाव हवे म्हणून एका माणसाने चोरून कोरलेली ओळ, आणि ती झाली प्रश्नमंजूषेतला शेवटचा प्रश्न! बरोबर उत्तराला कंपनी बक्षीस. सिनेमा बघताना आम्हाला हे फार खुपले. नायकाला 'तो' तोंडपाठ आहे. पण त्या माणसाने नाव का लपवले, यावर क्षणभर थबकण्याइतकी उसंत ना त्याला, ना दिग्दर्शकाला. आणि नावे गळण्याचा प्रश्न संपलेला नाही बरं का. मोठ्या गेमच्या शेवटी श्रेयनामावली आता मिनिटेच्या मिनिटे चालते, तरी कंत्राटावर काम करून गेलेल्यांची नावे वगळली गेल्याच्या तक्रारी या धंद्यात आजही होतात. पुण्याला गेलेल्या आपल्या मुलांपैकी कोणी तिथे कामाला असेल तर त्याला विचारा.

खूण पटण्यातला दुसरा धोका आमच्या विषयात रज्जुसर्प म्हणून प्रसिद्ध आहे. नसलेलीच खूण पटते. 'सिव्हिलायझेशन' हा सिड मायरचा १९९१ चा गेम. त्यात भारताचे नेते गांधीजी. कथा अशी पसरली, की गांधीजींचा आक्रमकपणा सर्वांत कमी म्हणजे एक ठेवला होता. लोकशाही आली की दोन वजा होतात. संगणकाला उणे एक कळेना, म्हणून तो आकडा एकदम २५५ झाला आणि गांधीजी अणुबाँब टाकत सुटले. काय सुरेख कथा! अहिंसेचा पुतळा आणि यंत्राची हातचलाखी. लाखो लोकांनी ती मानली, आम्हाला १९९१ मध्येच हे दिसले होते असेही कितीजण शपथेवर सांगू लागले. २०२० मध्ये आपल्या आत्मचरित्रात मायरने लिहिले, अशी चूक गेममध्ये नव्हतीच. पण यातली गंमत पुढे आहे. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत जॉन शेफर या रचनाकाराने मुद्दाम, थट्टा म्हणून, गांधीजींचा अणुबाँबचा कल दहाच्या मोजपट्टीवर बारा ठेवला होता. दोर खरोखरच साप झाला!

आपल्याला हसायला जागा नाही. या डोंगरांतल्या कुठल्याही लेण्यापाशी गुराख्याला विचारा, कोणी खोदले? उत्तर एकच, पांडवांनी, एका रात्रीत. ओळखीचे नाव हाताशी असले की मन बिनओळखीच्या वस्तूवर तेच चिकटवते. मग बलकाचा लेख कोण वाचतो?

आता एक प्रश्न तरुण श्रोते विचारतीलच: गेममध्ये आमच्या खुणा कुठे आहेत? आहेत थोड्या. 'हिटमॅन २' या २०१८ च्या गेममध्ये मुंबईचा एक अख्खा भाग आहे. तिथे सिनेमाच्या धंद्यातल्या धनदांडग्याचे नाव दाऊद रंगन आहे आणि गुंडांच्या म्होरक्याचे नाव वझीर काळे. दाऊद आणि सिनेमा हे दोन शब्द शेजारी आले की आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही खूण पटते. पण पटून काही मिळत नाही. आणि 'वझीर काळे' ऐकून तर आमच्या तमाम काळे मित्रांची आठवण झाली. एकाचेही नाव वझीर नाही. (हशा) ही कानावर पडलेल्या नावांची भेळ आहे.

'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी' हा २०१७ चा गेम त्याहून वरचा. तो घडतो पश्चिम घाटात, होयसळांच्या अवशेषांमध्ये, आणि शोध आहे गणेशाच्या दाताचा. परशुरामाची कुऱ्हाड आणि एकदंताची गोष्ट त्यात गुंफली आहे. ज्या तालुक्यात लेण्याद्री आणि ओझर असे दोन अष्टविनायक आहेत तिथल्या मुलीने तो खेळला, तर तिची ओळख आजीच्या मांडीवरून आलेली असेल, व्हिडिओतल्या लाल बाणावरून नव्हे. तिला 'तो' आधीच ठाऊक आहे, म्हणून तिचे लक्ष 'हा'कडे जाते: यांनी गोष्ट कशी वळवली, काय सोडले. टीका इथून सुरू होते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये काढलेल्या 'राजी'त भिंतींवर पुराणकथांची चित्रे आहेत. थांबेल त्याला गोष्ट ऐकू येते, न थांबेल तो लढायला मोकळा. ही पद्धत आम्हाला फार आवडली. पण किल्ले राजस्थानी वळणाचे, कथा पुराणातल्या, सर्वांना चालतील अशा. पुण्यात बनलेल्या खेळात पुण्याची एखादी घरगुती खोडी आम्हाला सापडली नाही. त्या मानाने परदेशी लोकच जास्त पुणेरी निघाले. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'मध्ये पुलाच्या उंच मनोऱ्यावर मोठ्या कष्टाने चढून जावे, तर वर पाटी लावली आहे: इथे वर कसलेही ईस्टर एग नाही, निघा. (मोठा हशा)

घरगुती खोडीवरून शेवटच्या मुद्द्याकडे येतो, आणि तो याच गावातला आहे. 'डूम २' या १९९४ च्या गेममध्ये शेवटचा राक्षस म्हणजे एक प्रचंड भिंत आहे. सहकाऱ्यांनी जॉन रोमेरो या रचनाकाराचे मुंडके थट्टेने त्या भिंतीआड लपवले, म्हणजे खेळणारा गोळ्या घालतो त्या रोमेरोच्या डोक्यात. रोमेरोला ते कळले. त्याने ते काढले नाही. उलट स्वतःच्या आवाजात एक वाक्य मुद्रित केले, मला मारल्याशिवाय तू जिंकणार नाहीस अशा अर्थाचे, ते उलटे फिरवून राक्षसाच्या तोंडी घातले. त्यांनी टाकली, याने उत्तर दिले. हे काय आहे? कलगी-तुरा आहे! सवाल आणि जवाब.

तुम्ही तमाशाच्या पंढरीत बसला आहात. पाडव्याच्या सुमाराला इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे. गण, गवळण, मग बतावणी, मग वग. यातली बतावणी आमच्या विषयाची. चांगला सोंगाड्या गावात शिरतानाच कान उघडे ठेवायचा. सरपंच कोण, कोणाचे टोमॅटो भाव पडला म्हणून रस्त्यावर ओतले गेले, कोणत्या दोन भावांत बांधावरून बोलणे बंद आहे. रात्री बोलता बोलता तो एक शब्द टाकायचा, 'बांध', आणि अर्धा मांडव लोळायचा. उरलेला अर्धा, म्हणजे परगावचे पाहुणे, सोंगाड्याच्या चालीवर, त्याच्या थांबण्यावर हसायचे. दोन्ही हिशेब पुरे. ॲरिस्टॉटलसाहेबांना त्या मांडवात बसवायला हवे होते. आणि ते दोन भाऊही तिथेच बसलेले असायचे, हे विसरू नका. बंद झालेल्या बोलण्याची आठवण सगळ्या गावादेखत निघायची. त्या विनोदाला काही किंमत होती, सोंगाड्याला कधी ती चुकवावीही लागे.

मग रंगबाजी आली, सिनेमाची गाणी आली. गाणे वाजले की कुठल्याही गावात सगळ्यांची खूण एकदम पटते, शिट्ट्या पडतात. सोय मोठी. मंचरला जे चालते तेच घोडेगावला, तेच ओतूरला. सोंगाड्याला चौकशी करायला नको. यूट्यूबच्या लाल बाणाविषयी आमची जी तक्रार तीच इथे: खूण सर्वांची झाली, तेव्हा तिच्यात या गावाचे काही उरले नाही.

वगांच्या संहिता थोड्याफार छापल्या गेल्या. लावण्यांत शाहिराची छाप असते, म्हणून कर्ता कळतो. बतावणी मात्र त्या रात्रीची त्या रात्री विरून गेली, आणि जिथे कुठे ध्वनिफीत उरली असेल तिथेही 'बांध' म्हटल्यावर माणसे एवढी का हसली, हे सांगणारा लागतो. रॉबिनेटच्या खोलीपर्यंत ठिपका घेऊन जाता येते. इथे ठिपका म्हणजे तुमच्या आठवणी आहेत.

समोर सत्तरी ओलांडलेली बरीच मंडळी दिसताहेत. तेव्हा तरुणांच्या प्रश्नांआधी माइक तिकडे द्या. नाव हवे सोंगाड्याचे, गाव सांगा, आणि तो विनोद कोणावर होता तेही सांगा. मुद्रण चालू आहे.